डोळ्यातली नस ब्लॉक झाली, मग इंजेक्शन सुजेवर का?

"नस ब्लॉक झालीये म्हणता, मग ती उघडा की! हृदयाची उघडतात, डोळ्याची का नाही?"

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडे हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. अँजिओप्लास्टी हा शब्द आता घराघरात पोचलाय. कुणाच्या मामांना एक स्टेंट असतो, कुणाच्या शेजाऱ्यांना दोन. ब्लॉक म्हटलं की तो उघडायचा असतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ओपीडीत बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात, त्यामुळे डॉक्टर "इंजेक्शन घ्या, सूज उतरेल" एवढं सांगून मोकळे होतात. पेशंट घरी येतो तो इंजेक्शनने ब्लॉक निघणार असं धरून. दोन इंजेक्शनं झाली, नजर सुधारली, की त्याला वाटतं नस मोकळी झाली. तिसऱ्या तारखेला तो जात नाही. महिन्या-दोन महिन्यांत सूज परत येते आणि मग "इंजेक्शनचा काही उपयोग नाही हो" असं चार जणांना सांगत फिरतो.

म्हणून आधी हेच स्पष्ट करू. या आजारात ब्लॉक उघडला जात नाही. नस अडवणाऱ्या रक्ताच्या गुठळीशी इंजेक्शनचा काही संबंध नसतो. रक्ताचा निचरा अडल्यामुळे पडद्यावर जी सूज येते, तिच्यासाठी ते असतं. रक्त पुढे जायला नवी वाट शोधायचं काम डोळा स्वतःच, हळूहळू, काही महिने घेऊन करतो. तोपर्यंत पडद्याचा मधला नाजूक भाग सुजून कायमचा खराब होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आकडाच पाहा. हृदयाच्या ज्या धमनीत स्टेंट घालतात ती साधारण तीन मिलिमीटर रुंद असते. डोळ्याच्या पडद्यावरची मोठ्यातली मोठी शीर एका मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी. शिवाय ती ज्या पडद्यात आहे तो मेंदूचाच पुढे आलेला भाग; त्याच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. तरीही सर्जन मंडळींनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शिरेभोवतीचं वेष्टण कापून पाहिलं, नेत्रनाडीच्या कडेला छेद देऊन शिरेवरचा दाब कमी होतो का ते पाहिलं, गुठळी विरघळवणारं औषध थेट शिरेत सोडून पाहिलं. फायदा खात्रीचा नव्हता, धोका मात्र होता. आज यातलं काहीही नेहमीचा उपचार म्हणून केलं जात नाही.

अडतं कुठे

डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखा चिकटलेला पातळ थर म्हणजे दृष्टिपटल. बोलताना आपण त्यालाच पडदा म्हणतो. त्याच्या बरोबर मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, बसची पाटी वाचणं, ही सगळी बारीक कामं त्या एवढ्याशा जागेवर चालतात. पडद्याला रक्त आणून देणारी मुख्य धमनी एक आणि रक्त परत नेणारी मुख्य शीर एक. दोघी नेत्रनाडीतून शेजारी-शेजारी डोळ्यात शिरतात आणि आत आल्यावर त्यांना फांद्या फुटतात.

गोम आहे ती या दोघींच्या शेजारात. पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींना मिळून एकच वेष्टण असतं. बहुतेक ठिकाणी धमनी वर आणि शीर खाली. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की धमनीची भिंत जाड आणि कडक होते आणि खालच्या मऊ शिरेला दाबत राहते. शिरेतला मार्ग अरुंद होतो, तिथे रक्ताचा भोवरा होतो, आतलं अस्तर दुखावतं आणि एके दिवशी तिथे गुठळी धरते. दोष गुठळीचा दिसतो, पण तयारी दहा-पंधरा वर्षं चाललेली असते.

फांदी अडली तर रिपोर्टवर बीआरव्हीओ लिहितात, मुख्य शीर अडली तर सीआरव्हीओ. मुख्य शीर अडते ती बहुधा डोळ्यातून बाहेर पडताना, नेत्रनाडीच्या तोंडाशी असलेल्या चाळणीसारख्या थराजवळ, कारण तिथे मुळातच जागा अपुरी. फांदीचा प्रकार मुख्य शिरेपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि सहसा सौम्य असतो. फांद्यांमध्येही वरची, कानाकडची फांदी सर्वांत जास्त वेळा अडते. पडद्यावर चित्र उलटं पडत असल्याने पडद्याचा वरचा भाग बिघडला की माणसाला खालचं धूसर दिसतं. जिना उतरताना पायरी नीट दिसत नाही किंवा ताटाची जवळची कड दिसत नाही, अशी तक्रार त्यातूनच येते.

आता पुढचं. मोरी तुंबली आणि वरून नळ चालूच राहिला की पाणी घरभर पसरतं, तसंच इथे होतं. धमनी रक्त आणत राहते, शीर ते नेऊ शकत नाही. मागे दाब वाढतो, केशवाहिन्या फुगतात, त्यातून रक्त आणि पाण्यासारखा द्राव पडद्यात झिरपतो. डॉक्टर आत पाहतात तेव्हा त्यांना ज्वाळांच्या आकाराचे लालभडक डाग दिसतात. मुख्य शीर अडलेली असेल तर सगळा पडदाच रक्ताने माखलेला. द्राव मॅक्युलात साठला की तो भाग फुगतो आणि नजर उतरते.

एवढ्यावर थांबत नाही. रक्त पुढे सरकत नसल्याने त्या भागाला प्राणवायू कमी पडतो. गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन सोडू लागतात. नवीन रक्तवाहिन्या उगवायला सांगणारा हा रासायनिक निरोप. शरीराचा हेतू चांगला, परिणाम वाईट: या प्रथिनामुळे आहेत त्या वाहिन्या आणखी गळू लागतात आणि सूज वाढते. व्हीईजीएफ हे नाव लक्षात ठेवा, कारण आजची जवळजवळ सगळी इंजेक्शनं त्याच्याच विरोधातली आहेत.

दुखत नाही, म्हणून उशीर होतो

डोळा लाल होत नाही. दुखत नाही. पाणी येत नाही. सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर धुरकट झालेलं असतं, किंवा वाचताना ओळी वाकड्या दिसतात, किंवा नजरेचा एक कोपरा अंधारलेला वाटतो. दुसरा डोळा चांगला असेल तर मेंदू त्याच्यावर सगळं भागवून नेतो, त्यामुळे अनेकांना आठवडे-आठवडे पत्ताच लागत नाही. मग एखाद्या दिवशी डोळ्यात कचरा जातो, माणूस तो डोळा चोळतो आणि दुसऱ्याने पाहतो तर समोरचं माणूस ओळखू येत नाही. अडलेली फांदी मॅक्युलापासून लांब असेल तर काहीच कळत नाही. चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर योगायोगाने सापडते.

साठीच्या माणसाला धूसर दिसायला लागलं की घरातले सगळे मिळून मोतीबिंदूचं निदान करून टाकतात. "पिकू दे, दिवाळीनंतर काढू." मोतीबिंदूने नजर अशी रातोरात जात नाही. अचानक आणि एकाच डोळ्याचं कमी झालं असेल तर दिवाळीची वाट पाहायची नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर नेहमीचा चष्मा लावून उभं राहायचं आणि एकेक डोळा झाकून तारखांच्या चौकटी पाहायच्या. रेषा सरळ दिसायला हव्यात, कुठली तारीख गायब नको, दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसायला हवं. बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी महिन्यातून एकदा हे केलं तर अर्धं मिनिट लागेल.

इथे एक सावधगिरी. शीर अडणं आणि धमनी अडणं यांत फार फरक आहे. धमनी अडली तर रक्त येणंच थांबतं. नजर काही सेकंदांत, बहुधा जवळजवळ पूर्ण जाते, आणि तो डोळ्याचा पक्षाघातच समजायचा. तिथे हिशेब तासांचा असतो आणि डोळ्याच्या दवाखान्याची वेळ पाहत न बसता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं असतं. शीर अडल्यावर काही दिवसांची सवड असते. पण अचानक नजर गेली तेव्हा काय अडलंय हे घरी बसून कुणालाच कळत नाही, त्यामुळे त्याच दिवशी दाखवलेलं बरं.

कुणाला होतं

वय पन्नाशीच्या पुढे, बीपी, शुगर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि काचबिंदू. ही नेहमीची यादी. त्यात बीपीचा नंबर पहिला. मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या आजारानंतर पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा सर्वांत जास्त आढळणारा आजार हाच. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासण्यात आले होते. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. त्यात हा आजार शंभरात एकाहून थोड्या कमी जणांत सापडला. जगातले आकडेही साधारण तेवढेच आहेत. तेव्हा हा शहरी किंवा बैठ्या लोकांचाच आजार, ही समजूत सोडायला हरकत नाही.

तिशी-चाळिशीतल्या माणसाला झाला तर डॉक्टर वेगळ्या दिशेने शोधतात. रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष, रक्त घट्ट करणारे आजार, रक्तवाहिन्यांचा दाह (आपल्याकडे त्यात टीबीचाही विचार करावा लागतो), बायकांमध्ये गर्भनिरोधक गोळ्या, रक्तातलं वाढलेलं होमोसिस्टीन नावाचं रसायन. या शेवटच्याचा संबंध बी-१२ आणि फॉलिक ॲसिडच्या कमतरतेशी असतो, म्हणून शाकाहारी तरुण पेशंटला ही तपासणी सांगितली तर चक्रावून जाऊ नये. साठीच्या बीपीवाल्या माणसाच्या मात्र दहा-बारा हजारांच्या रक्ततपासण्या करण्यात फारसा अर्थ नसतो. कारण समोरच दिसत असतं.

तपासणीच्या दिवशी

सोबत कुणाला तरी न्या आणि स्कूटर घरी ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही आणि उन्हात डोळे दिपतात.

पहिला स्कॅन ओसीटीचा. यंत्रावर हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या खुणेकडे बघायचं, मिनिटभरात काम होतं. इंजेक्शन नाही, डाय नाही, स्पर्शही नाही. पडद्याचा उभा काप घेतल्यासारखं चित्र मिळतं. मधोमध एक सुबक खळगा दिसायला हवा. सूज असेल तर त्या जागी टेकडी दिसते आणि तिच्या पोटात काळे फुगे, म्हणजे साठलेला द्राव. चित्राशेजारी एक आकडा असतो, मॅक्युलाच्या मध्याची जाडी. निरोगी डोळ्यात तो साधारण अडीचशे ते पावणेतीनशे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. शीर अडलेल्या डोळ्यात पाचशे-सहाशे सहज. पुढच्या प्रत्येक भेटीत डॉक्टर आधी हा आकडा पाहतात, तेव्हा रिपोर्ट फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. डॉक्टर बदलले तरी ती फाइल कामाला येते.

दुसरी तपासणी अँजिओग्राफीची, पण हृदयासारखी नाही. हाताच्या शिरेतून फ्लुरेसीन नावाचा पिवळा-केशरी डाय देतात आणि तो पडद्यावरून वाहताना भराभर फोटो काढतात. रक्त कुठे पोचतंय, कुठे गळतंय आणि कुठे अजिबात जात नाहीये ते दिसतं. डाय जाताना काही जणांना क्षणभर मळमळतं. कसली ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी भडक पिवळी होते. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. माझ्या मावशीने रात्री साडेदहाला फोन करून "अगं, कावीळ झाली वाटतं" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आता अनेक ठिकाणी डायशिवाय होणारी ओसीटी अँजिओग्राफीही मिळते.

या फोटोंवरून एक फार महत्त्वाची गोष्ट ठरते: पडद्याला थोडंफार रक्त मिळतंय की बराच भाग कोरडा पडलाय. मुख्य शिरेच्या ब्लॉकचे हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. सोहनसिंग हेरे यांचं नाव पुढे येतं. पंजाबात जन्मलेले हेरे पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात आयुष्यभर याच विषयावर काम करत राहिले. कोरड्या प्रकारात नजर जास्त जाते, आणि दुसरं संकट पुढे उभं असतं. व्हीईजीएफचा निरोप डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंत पोचतो, बुबुळाच्या रंगीत पडद्यावर आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, वाट बुजते आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. याला जुने डॉक्टर 'शंभर दिवसांचा काचबिंदू' म्हणतात, कारण तो बहुधा ब्लॉकनंतर तीनेक महिन्यांत डोकं वर काढतो. तोवर न दुखणारा डोळा आता असह्य दुखू लागतो.

म्हणून "या डोळ्याची नजर येणार नाही, पण दर महिन्याला दाखवायला या" असं डॉक्टर म्हणाले तर त्यात विसंगती काही नाही. त्या भेटी नजर परत आणण्यासाठी नसून डोळा दुखरा आणि आंधळा होऊ नये म्हणून असतात. सौम्य वाटणारा प्रकारही पुढे कोरड्यात बदलू शकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत साधारण एक-तृतीयांश डोळ्यांत तसं झालं, आणि त्यातले बरेचसे पहिल्या चार महिन्यांतच.

लेझरपासून इंजेक्शनपर्यंत

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की फांदी अडल्यामुळे आलेल्या सुजेवर लेझरचा फायदा होतो. मग पुढची पंचवीस वर्षं लेझर हाच उपचार. मुख्य शिरेच्या बाबतीत मात्र १९९५ मध्ये निकाल निराशेचा आला: लेझरने सूज कमी झाली, नजर सुधारली नाही. त्या काळात सीआरव्हीओच्या पेशंटला डॉक्टर 'वाट पाहू' यापलीकडे फारसं काही देऊ शकत नव्हते. त्याच अभ्यासातला एक आकडा बोलका आहे. सुरुवातीलाच ज्यांची नजर ६/६० च्याही खाली गेली होती (म्हणजे तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही नीट दिसत नव्हतं), त्यांतल्या दहापैकी आठ जणांची ती तिथेच राहिली.

बदल आला तो कॅन्सरच्या औषधातून. बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे अव्हॅस्टिन, २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या उगवू नयेत म्हणून ते व्हीईजीएफला पकडून निकामी करतं. २००५ मध्ये मायामीच्या बास्कम पामर नेत्रसंस्थेतले डॉ. फिलिप रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अगदी छोटा डोस थेट डोळ्यात दिला. असं इंजेक्शन दिलेल्या ज्या पहिल्या डोळ्यांचे अहवाल छापून आले, त्यांतला एक मुख्य शीर अडलेल्या पेशंटचा होता. ओसीटीवरची टेकडी बसली. त्यानंतर वर्षभरात जगभरचे डॉक्टर ते वापरू लागले, कंपनीने डोळ्यासाठी मंजुरी मागितलेली नसतानाही.

डोळ्यासाठीच बनवलेल्या रॅनिबिझुमॅब या तशाच औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१० मध्ये आले. तक्त्यावरच्या एका ओळीत पाच अक्षरं असतात हे लक्षात घेऊन वाचा. फांदी अडलेल्यांना सहा महिने दरमहा इंजेक्शन दिल्यावर सरासरी १८ अक्षरं जास्त वाचता आली. नुसतंच खोटं इंजेक्शन, म्हणजे औषधाशिवाय फक्त देखावा केलेल्यांना ७. मुख्य शीर अडलेल्यांत हा फरक जवळपास १५ विरुद्ध १ असा निघाला. म्हणजे आधी जिथे हात टेकले होते तिथे सरासरी तीन ओळी. यानंतर अफ्लिबर्सेप्ट आलं आणि २०२३ मध्ये अमेरिकेत फॅरिसिमॅबलाही या आजारासाठी मंजुरी मिळाली.

स्टेरॉइडचा पर्यायही आहे. डेक्सामेथासोनची बारीक कांडी डोळ्यात सोडतात, ती तीन-चार महिन्यांत विरघळत औषध देत राहते. दरमहा येणं शक्य नसलेल्यांना किंवा नुकताच हार्ट अटॅक, पक्षाघात होऊन गेलेल्यांना डॉक्टर ती सुचवतात. मात्र तिने मोतीबिंदू लवकर होतो आणि काहींचा डोळ्याचा दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदूवाल्यांच्या बाबतीत जपून. लेझर आज सुजेसाठी मागे पडलंय. कोरड्या भागावर नको त्या वाहिन्या उगवल्या, त्या फुटून डोळ्यात रक्त पसरायला लागलं, तर मात्र आजही तेच कामाला येतं.

डोळ्यात सुई

ऐकूनच अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त वेळ तयारीला लागतो. बधिर करणारे थेंब दोन-तीनदा घालतात, पापण्या आणि डोळा बीटाडाइनने धुतात. हे चुरचुरतं, आणि बहुतेकांची खरी तक्रार यापलीकडे नसते. चेहऱ्यावर हिरवं कापड, पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी क्लिप. "वर बघा" म्हणतात. सुई बुबुळात जात नाही. त्याच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब, पांढऱ्या भागातून जाते, म्हणून ती दिसतही नाही. औषध असतं एका मिलिलिटरचा विसावा हिस्सा. थोडा दाब जाणवतो, की झालं.

त्या दिवशी डोळ्यात खुपतं. पांढऱ्यावर लाल डाग पडू शकतो, तो आठ-दहा दिवसांत जातो. काळे गोल तरंगताना दिसले तर ते बहुधा हवेचे बुडबुडे असतात, एक-दोन दिवसांत विरतात. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. दोन ते पाच दिवसांत दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना आणि नजर उतरली तर तो आत जंतुसंसर्ग असू शकतो. हजारो इंजेक्शनांत एखाद्याला होणारा हा प्रकार, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. फोन करून "सोमवारी या" असं उत्तर मिळालं तरी त्याच रात्री जाऊन बसायचं.

आता इंजेक्शनं किती, हा मुद्दा. औषध महिना-दीड महिन्यात उतरतं. शीर मात्र अजून अडलेलीच असते, व्हीईजीएफ तयार होतच असतं. म्हणून सुरुवातीला दरमहा, सूज गेली की अंतर सहा आठवडे, आठ, दहा असं वाढवत न्यायचं आणि कुठल्या अंतरावर सूज परत येते ते पाहायचं. ब्रिटनमध्ये मुख्य शीर अडलेल्या पेशंटांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या लिव्हो चाचणीत जवळजवळ दोन वर्षांत प्रत्येकाला सरासरी दहा ते बारा इंजेक्शनं लागली. फांदीच्या प्रकारात बऱ्याच जणांचं कमीत भागतं आणि काहींची सूज काहीही न करता उतरते. पण पहिल्या भेटीतच "किती लागतील?" याचं नेमकं उत्तर देणाऱ्या डॉक्टरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खर्च हे सोडून देण्याचं दुसरं मोठं कारण. अव्हॅस्टिन स्वस्त पडतं, कारण कॅन्सरसाठीच्या एका बाटलीतून डोळ्याचे अनेक छोटे डोस निघतात. हे डोस भरताना निर्जंतुकपणा पाळला नाही तर घात होतो, म्हणून ते कुठे आणि कसे भरले जातात हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. गुणाच्या बाबतीत मतभेद आहेत. २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनंतर ते महागड्या अफ्लिबर्सेप्टच्या बरोबरीचं ठरलं. लिव्होमध्ये दोन वर्षांनंतर ती बरोबरी सिद्ध झाली नाही, तरी त्यावरच्या पेशंटांची नजर सरासरी जवळपास दोन ओळी सुधारलीच होती. माझं मत विचाराल तर महाग औषधाची दोन इंजेक्शनं घेऊन थांबण्यापेक्षा स्वस्त औषधाची लागतील तेवढी घ्यावीत. मधला मार्गही आहे: २०१५ पासून भारतात रॅनिबिझुमॅबचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, रझुमॅब, मिळतं.

आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून नीट वाचा. डोळ्यातल्या इंजेक्शनांना "ॲडमिशन नाही, क्लेम नाही" असं सांगून परत पाठवण्याची जुनी पद्धत होती. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत जे आधुनिक उपचार वगळता येणार नव्हते, त्यांच्या यादीत डोळ्यातली इंजेक्शनं नावानिशी होती. त्या सूचनांप्रमाणे कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकत होती. सरसकट नाकारू शकत नव्हती.

डोळ्याच्या बाहेरचं

अडलेली शीर म्हणजे शरीरातल्या बाकीच्या रक्तवाहिन्यांची बातमी. अशा पेशंटांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांचं प्रमाण जास्त आढळतं, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरने फिजिशियनकडे पाठवलं तर ती टाळाटाळ समजू नये. कित्येकांचं बीपी पहिल्यांदा सापडतं ते इथेच. दुसऱ्या डोळ्यालाही हाच धोका असतो, आणि त्याच्यासाठी इंजेक्शन वगैरे काही नसतं; त्याला वाचवायचं ते बीपीच्या गोळ्या वेळेवर घेऊन आणि सिगारेट सोडून. काचबिंदू असेल तर त्याचे थेंब न चुकता.

"गुठळी आहे ना, मग रक्त पातळ करायची गोळी?" असं हमखास विचारलं जातं. ॲस्पिरिनने ही शीर उघडते असा पुरावा नाही. हेरे तर याच्या ठाम विरोधात होते, अशा औषधांवर असलेल्यांची नजर त्यांच्या पाहणीत उलट जास्त खराब निघाली होती. पण हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी ती गोळी आधीपासून चालू असेल तर डोळ्यात रक्त दिसलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

बाकी गाजराचा रस, त्राटक, डोळ्याचे व्यायाम, डोळ्यात मध घालणं यांनी मॅक्युलातला एक थेंबही उतरत नाही. मध तर जंतुसंसर्गाला आमंत्रण. शीर्षासन करणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना जरूर सांगावं, कारण त्या आसनात डोळ्याचा दाब चांगलाच वाढतो.

नवा चष्मा सूज पूर्ण उतरून काही आठवडे स्थिर राहिल्यावरच करावा. त्याआधी काढलेला नंबर पुढच्या महिन्यात बदलतो आणि पैसे वाया जातात. आणि त्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढे काढायची वेळ आली तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना शीर अडल्याचं आधी सांगून जुनी ओसीटी दाखवावी. ऑपरेशननंतर बसलेली सूज पुन्हा डोकं वर काढू शकते, आणि आधी माहीत असेल तर त्याच सुमारास इंजेक्शन देऊन ती आवरता येते.